कडक

बुधवार. विड्यांचा हिशेब शनिवारी,
म्हणून पाव किलो हुलगे, पाणी सढळ हातानं.
वरचं पाणी निथळून कळण,
खाली राहिली ती उसळ.
एका गॅसवर दोन जेवणं.

रविवारी थापलेल्या कडक भाकऱ्या
फडक्यात आहेत अजून. शेंगा मात्र मूठभरच.
उखळात लसूण वाढवला, कुटत राहिले
तेल सुटेपर्यंत.
तेल सुटल्यावर कोण शेंगा मोजतं?

राजेशमनं मोजल्या.
दिवसभर मागावर धागे बघणारे डोळे ते.
बोलला काही नाही,
आपली चटणी पोरींच्या ताटात सरकवली
आणि नुसता कांदा फोडला बुक्कीनं.

मग चौघांनी एकदम भाकरी मोडली.
काड्. कुड्. काड्.
पत्र्यापलीकडून यल्लव्वाचा आवाज :
"काय गं, पापड तळलीस व्हय आज?"

धाकटी तोंड उघडणार,
तेवढ्यात मीच ओरडले,
"तर! डबाभर तळले.
तेल म्हणून टिकत नाही बघ या घरात!"

धाकटीला ठसका लागला हसून,
कळण नाकात गेलं.
राजेशमनं तिच्या पाठीवर थोपटलं,
आणि अजून एक भाकरी मोडली,
मुद्दाम,
भिंतीजवळ धरून.