उंटावरून शेळ्या

वाल्देमार गेला, आणि दुसऱ्याच महिन्यात
दूध मोजणारा संगणक अडखळायला लागला.
तेवीस वर्षं तो एकटाच त्याच्या पोटात हात घालायचा.
आमच्या बेटावर दुसऱ्या कुणाला
त्याचं दार कुठल्या बाजूला आहे हेही ठाऊक नव्हतं.
लिस्बनच्या कंपनीनं आकडा सांगितला.
अध्यक्ष सेराफिमनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.
आकडा तोच होता.

मग मीच शोधली ही.
रुमियाना, वय अठ्ठावन्न, बल्गेरियाच्या डोंगरात राहते,
तासावर काम करते.
अनुभव किती, विचारलं तर म्हणाली,
तुमचा संगणक जी भाषा बोलतो
ती बोलणारे थोडेच उरलेत. त्यातली मी एक.
अध्यक्ष माझ्या कानात पुटपुटले,
उंटावरून शेळ्या हाकणार का ही बाई?
तेवढ्यात तिच्या मागून खरीच शेळी ओरडली.
ती हसली नाही. उठली, खिडकी लावून आली,
म्हणाली, पुढचा प्रश्न.
मी करार छापायला टाकला.

आमचे सकाळचे सहा म्हणजे तिचे नऊ.
बाहेर ओले कॅन आदळत असतात, हायड्रेंजियाच्या कुंपणांवर धुकं,
आणि माझ्या पडद्यावरचा बाण आपोआप सरकतो,
धुळीत कुणी बोट फिरवत जावं तसा.
अधूनमधून प्रश्न येतो.
अकरा नंबरचे दोन सभासद कसे?
मी सांगते, सख्खे भाऊ आहेत, एकमेकांशी बोलत नाहीत,
पण बापाचा नंबर कुणीच सोडत नाही.
ठीक, ती लिहिते. अकरा अ, अकरा ब.
मी लिहिते, अ कोण, यावरून खून पडेल.

सोळाव्या दिवशी तिनं एक ओळ पाठवली, लाल खूण करून.
सभासद सत्तेचाळीस. रोज मापात तीन लिटर जास्त.
दोन हजार नऊच्या मार्चपासून. बाकी कुणालाच नाही.
ही चूक आहे की नियम?

सत्तेचाळीस म्हणजे जेर्त्रूदेस.
वरच्या वळणावरचं घर, तीन गाई,
त्यातली एक त्याच मार्चमध्ये कड्यावरून गेली.
वाल्देमारला तिच्याशी बोलताना मी कधी पाहिलं नाही.
ती दूध घालायला आली
की तो उगाच वायरी गुंडाळत बसायचा.

दुधात पाणी घालणारे या नोकरीत खूप पाहिले.
पाण्यात दूध घालणारा हा पहिलाच.

तीन लिटर गुणिले इतके दिवस:
कॅल्क्युलेटरवर केलं, मग पुसलं.
पैसे सगळ्यांचे होते. माझ्या भावाचेही,
जो लिटरमागे एका सेंटसाठी सभेत टेबल आपटतो,
आणि त्याचं चुकतं असंही नाही.
सुपावर साय धरली.
जेवणाची सुट्टी संपता संपता मी लिहिलं, नियम.

तिकडे तीन टिंबं उमटली, गेली, पुन्हा उमटली.
मग आलं, नोंद करावी लागेल. कुणाच्या सांगण्यावरून?
मी माझं नाव टाकलं,
इदालिना फोंटिश ब्रुम, आईबापांच्या दोन्ही आडनावांसकट.

महिनाअखेर बिल आलं, एकशे बारा तासांचं,
मिनिटा-मिनिटाचा हिशोब लावलेला.
फक्त सोळाव्या दिवसासमोर होतं:
दीड तास वाट पाहिली. आकारणी नाही.
सेराफिमनी विचारलं, कसली वाट?
मी म्हटलं, नेट गेलं होतं.

नवीन यंत्रणेच्या पहिल्या सकाळी जेर्त्रूदेस आली,
कॅन ठेवला, पावती नाकाजवळ धरून वाचली,
जी आजवर मी तिला कधी वाचताना पाहिली नव्हती.
म्हणाली, मला वाटलं, आता कमी भरेल.

मी काही बोलले नाही.
वायरी गुंडाळत होते.