दीड तास

रुवीत, घड्याळाच्या मनोऱ्यामागच्या गल्लीत,
तिसऱ्या मजल्यावर, चपलांच्या फळीवर
एक जुना संगणक चालू असतो.
त्यात दोनशे चौदा माणसं राहतात.
भाडं नाही. चार रियाल वीज माझी,
आणि दर शुक्रवारी पंख्यातली धूळ मीच फुंकायची.

दिवसा टाइल्सच्या कंपनीत जमाखर्च लिहिते.
रात्री तक्रारी वाचते.

टेमकर, दुक्म बंदर:
"बटण खाली घ्या ताई, उजवीकडे.
डाव्या अंगठ्याचं पेर साखळीत गेलं,
वरचं गाठत नाही."
घेतलं.
मग सत्तावीस जणांना बटण सापडेना.
दोघं शिव्या देऊन निघून गेले,
एक परत आला,
शिवी तशीच ठेवून.

इस्माईल चौगुले, मंगफ:
"आई गेल्याचं लिहिलं.
खाली तारा, ताऱ्यापुढे तीन.
तीन म्हणजे काय?"
मी हिशेबाची बाई. तीन म्हणजे तीन,
त्यापुढचं मला शिकवलेलं नाही.
रात्रभर बसून सगळ्यांचे आकडे झाकले.
सकाळी भालेकरांची सून विचारते,
माझ्या घावण्यांचे एकशे चार होते, ते कुठे गेले?

बटणावर लिहिलेलं होतं: कायमचं पुसा.
पण ओळ एकदा इतरांच्या यंत्रांवर गेली
की तिथे माझी किल्ली चालत नाही.
मी फक्त निरोप धाडते, पुसा म्हणून.
कुणी पुसतं. कुणाचं यंत्र झोपलेलं असतं.
कुणी ऐकून न ऐकल्यासारखं करतं.
सफिया खोत, बुरैमी, डायलिसिसची रात्रपाळी, लिहिते:
"कायमचं हे काही तुमच्या हातात नाही. शब्द काढा."
आता बटण म्हणतं: इथून पुसा.
खाली बारीक अक्षरात:
बाकीच्यांना सांगून बघतो.

आणि तिचीच दुसरी मागणी.
"वेळ दोन दाखवा.
इथली, आणि घरची."

ज्यांचा हा मूळ कोड, त्यांना कळवलं.
उत्तर सभ्य होतं. एका ओळीला एकच वेळ.
थोड्यांसाठी सगळ्यांची चौकट हलवता येत नाही.
लिहिणारा फुकट राबतो,
त्याच्याकडे नुकतं बाळ झालंय, झोप नाही.
राग धरायला जागाच सोडली नाही त्याने.

कोड उघडा आहे.
उघडा म्हणजे: पटत नसेल तर घे आणि जा.
मी फाटा काढला.
फाटा म्हणजे आमच्याकडे
एसटी जिथे सोडून देते ती जागा.
गाव आत, दोन कोस, पायी.
मूळ रस्त्यावर नवी खडी पडली
की माझ्या वाट्याची मी पाठीवरून आणते, दर महिन्याला.
नवरा म्हणाला, दीड तासासाठी एवढं?
दीडशहाणी.

मस्कतहून दीड, कुवेतहून अडीच.
पावकी-निमकीत वाढलेल्या आम्हाला
अख्ख्या तासांची घड्याळं कशी पुरणार?

साडेदहा ते बारा
आमच्याकडे रोज दोन तारखा असतात.
आत्ता, अकरा पाचला,
सफियाने लिहिलंय: "पोरगी सहाची झाली."
डावीकडे नऊ तारीख,
उजवीकडे दहा.

खाली टेमकर, एका अंगठ्याने, सावकाश:
"इकडे अजून पाचचीच आहे.
राहू द्या तिला, तासभर."

किती तारे पडले ते मला आतून दिसतं.
बघायचं नाही असं ठरवलंय.
बघितलं.

पंखा घरघरतोय.
उद्या शुक्रवार.
उजवीकडे तर लागलाही.