अर्धा मीटर, पंचेचाळीस अंश

मायक्रोफोन नळीच्या तोंडापासून अर्धा मीटर,
पंचेचाळीस अंशांत तिरका,
नळी जितकी उंच तितकाच उंच.
वारा सुटला तर थांबायचं.
फ्रेस्नोत सप्टेंबरात वारा नसतो,
असते ती बदामाच्या बागांची धूळ,
झाडं गदागदा हलवून पाडलेली.

कॉलेजमागच्या गॅरेजात मी गाड्यांचा आवाज मोजते.
पंच्याण्णवपर्यंत रस्ता तुमचा.
शहाण्णवला माझी सही नाही.

एवरार्दो पहिल्यांदा आला तो पोलिसाची चिठ्ठी घेऊन.
गाडी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी,
मागे कॉफीच्या डब्याएवढी नळी, डाग दिलेली, हाताने.
अठ्ठ्याण्णव.
"तीनच तर जास्त," तो म्हणाला,
कलिंगडाचा भाव पाडावा तसा.
मी सांगितलं, या मोजणीत तीन म्हणजे दुप्पट.
हे कुणालाच पटत नाही.
मलाही वर्ष लागलं होतं.

दुसऱ्यांदा आला नळीत स्टीलचा काथ्या कोंबून.
शहाण्णव.
"एकाकडे कानाडोळा करा ना, मिस आराक्सी."
माझ्या खिशावरचं नाव वाचून.
कानाडोळा करायला कान तरी धड हवा.
माझ्या डाव्या कानात एकोणीस वर्षं एक शिट्टी वाजते आहे,
फ्रीज थांबला, नवऱ्याचं घोरणं थांबलं, की जास्तच.
तिला कुठलं यंत्र पकडत नाही.
तिला दंडही नाही.
हे त्याला सांगून काय होणार होतं?

तिसऱ्यांदा, नवा सायलेन्सर, चौऱ्याण्णव.
कागद घडी करून त्याने काचेवरच्या झडपेत खोचला
आणि गेलाच नाही.
कानकोंडा होऊन बुटाने जमीन उकरत राहिला.
"आई आता बाहेर येत नाही," म्हणाला.

मडेराच्या वाटेवर बदाम निवडायचा कारखाना,
रात्रपाळी सुटते पहाटे, पण नक्की कधी
ते ट्रॉल्यांवर अवलंबून.
फोन लॉकरमध्ये. पट्टे, चाळण्या,
खडे वेगळे करणारं ते थरथरतं धूड,
आणि या सगळ्यातून, पत्र्याच्या भिंतीतून,
तिच्यापर्यंत एकच गोष्ट पोचायची,
ह्याची गाडी.
दोनदा गुरगुरली की ती हातमोजे काढायची.
गल्लीत लोक झोपेतून उठायचे, ते खरंच.
त्यांचीही तक्रार खोटी नव्हती,
एकीला तान्हं मूल होतं.

"तुमचं हे यंत्र एका रात्रीपुरतं द्याल?"

यंत्र बाहेर द्यायची परवानगी नाही.
म्हणून मी त्याच्याबरोबर गेले.

साडेचार. दारावरचा फोरमन म्हणाला, "शाळेचा प्रकल्प?"
"कॉलेजचा," मी म्हटलं. खोटं बोलले नाही फारसं.

एर्मेलिंदा पट्ट्याशी उभी. केसांवर जाळी,
एका कानात नारिंगी बोळा. दुसरा कुठेतरी
बदामांबरोबर पुढे गेलेला.
बोटं चालूच, काळा दाणा बाजूला, फुटका बाजूला.
मी तिच्या रिकाम्या कानाशी मायक्रोफोन धरला.
इथे किती अंशांत धरायचा
ते मला शिकवलेलं नाही.

आकडा वर गेला, खाली आला, स्थिरावला.
एकोणनव्वद.
आठ तासांना नव्वदची मुभा आहे.

एवरार्दो माझ्या तोंडाकडे बघत होता.
"बसतं," मी म्हटलं. "कायद्यात बसतं."
"काय?"
"बसतं!"
"काय?"
मी घसा फाटेस्तोवर ओरडले,
"बसतं!"

एर्मेलिंदाला वाटलं, मला बसायचं आहे.
तिने पायाने स्वतःचं स्टूल माझ्याकडे सरकवलं,
धूळ पुसली बाहीने,
आणि पुन्हा दाण्यांकडे वळली.