एकवीस नंबरसमोरचं वळण

डंडी शहरात, टेकडीकडे चढणाऱ्या एका गल्लीत
सकाळी साडेसातला
मोरव्हेन रडारची चारचाकी गाडी ढकलते,
झोपलेल्या बाळाची ढकलावी तशी,
दगडांचे सांधे चुकवत.
पडद्यावर जमीन राखाडी लाटांनी बोलते,
मधूनच उलट्या मिशा उमटतात,
आणि यंत्र एकेका मिशीला नाव सुचवतं :
पाण्याचा पाइप, ब्याण्णव टक्के.
गॅस, अठ्ठ्याऐंशी.
दगड, बहुधा.

वॉटी खोऱ्यावर रेलून उभा.
त्याच्या डाव्या मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी
वितळून थिजलेल्या मेणासारखी.
त्याबद्दल तो एकदाच बोललाय :
"नकाशात तिथं काही नव्हतं."

मोरव्हेन वाकून फवारत जाते.
पाण्याला निळा, गॅसला पिवळा,
फोनच्या तारांना हिरवा.
आता राहिली लाल.

नकाशा म्हणतो, अकरा हजार व्होल्ट,
या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत
पट्टी ठेवून आखल्यासारखे सरळ.
यंत्र म्हणतं, नाही.
एकवीस नंबरच्या दारासमोर
केबल वाट सोडते,
अर्धं वर्तुळ घेते
आणि काही झालंच नाही अशी
पुन्हा रांगेत येते.
एकाहत्तर टक्के.
"काठावर पास," वॉटी म्हणाला.
गाडी उलटी फिरवली, मग आडवी.
चौऱ्याहत्तर.
पण इथं ना भिंत, ना विहीर,
ना गटाराचं झाकण.
मोकळ्या जागेला कोण वळसा घालतं?

दार उघडलं.
इझोबेल गेडीज, वय एक्याण्णव,
अंगात नवऱ्याचा नसावा असा मोठा कोट.
"एल्म होता इथं," ती म्हणाली,
"दोघांच्या कवेत न मावणारा.
त्र्याहत्तर साली केबल टाकायला पोरं आली,
मुकादम ओरडत होता तरी
त्यांनी मुळांना कुऱ्हाड लावली नाही.
त्यातला एक रोज माझ्याकडे पाणी मागायचा.
स्वतःची बाटली भरलेली असायची."
मग?
"मग एल्मांना रोग आला. कापला."
आणि तो?
"तो ॲबरडीनला, तेलावर."

वॉटीने यंत्राचा खोदफावडा बंदच ठेवला.
आधी खोरं, मग खुरपं,
शेवटच्या वीतभर मातीला नुसती बोटं.
चौसष्ट सेंटिमीटरवर
काळी, जाड, वळलेली केबल सापडली.
तिच्या कुशीतली माती तेवढी वेगळी,
भुसभुशीत, चहाच्या चोथ्यासारखी.
वॉटीने चिमूटभर उचलून वास घेतला,
काही बोलला नाही,
बाही मात्र खाली ओढून घेतली.

यंत्राने विचारलं, वळणाचं कारण निवडा :
पाइप. खडक. बांधकाम. अज्ञात.
मोरव्हेनने "अज्ञात"वर बोट ठेवलं,
उचललं,
आणि खालच्या रिकाम्या चौकटीत लिहिलं :
झाड. आता नाही.
पडद्यावर एक ठिपका गरगरला.
नोंद घेतली, म्हणालं.
काय शिकलं, कोण जाणे.

इझोबेल अजून उंबऱ्यातच.
निळ्यापिवळ्या रेघांकडे बघत तिने विचारलं,
"झाडाला कुठला रंग असतो तुमच्यात?"
"झाडाला नसतो," मोरव्हेन म्हणाली.
"हिरवा?"
"हिरवा फोनला दिलाय, बाई."
वॉटीने व्हॅनचं मागचं दार उघडलं,
रिकामे डबे बाजूला सारत
बराच वेळ काहीतरी शोधत राहिला.
"पांढरा आहे थोडा," आतून आवाज आला,
"हलवून बघतो."