एक टक्का कॅल्शियम

मॅनसच्या फावड्याखाली दलदलीच्या वड्या पडतात
काळ्या खरवसासारख्या.
"इथं काही नाही," तो म्हणतो,
"आज्यानं कापली, बापानं कापली.
एकदा लोण्याचा बुधला निघाला. एकदा बूट. एकच."
खरंच, काही दिसत नाही.
डोनेगलचा पाऊस पाठीवर घेऊन
मी नळीत एक मीटर काळोख उभा उचलते.

बेलफास्टला त्याचे तुकडे. साडेपाचशे अंशाची भट्टी.
शेवाळ जळतं, हेदर जळतं,
कुणाच्या मेंढीचा केस जळतो.
उरते ती राख.
नाव म्हणून उच्चारा, किंवा आज्ञा म्हणून.

भिंगाखाली सत्त्याऐंशी कण. काच.
केसाहून बारीक, पोटात अजून बुडबुडे.
पण आच लागलेल्या काचेचा जबाब धरत नाहीत.
त्याच खोलीचा दुसरा तुकडा घ्यायचा, न भाजलेला,
आम्लात मुरवायचा, धुवायचा,
मग इलेक्ट्रॉनच्या किरणाखाली.
सोडियम आधी मोजायचं;
किरण पडला की ते काढता पाय घेतं.

सिलिका बहात्तर. लोह सव्वातीन.
"हेक्ला," मी पुटपुटले, "अकराशे चार."
वहीत लिहूनही टाकलं.
ब्रोना मागून वाकली. "कॅल्शियम?"
एक.
हेक्लाला दोन लागतं.
परत मोजलं. एक.
चहा घेतला, परत मोजलं.
पोटॅशियमही वाजवीपेक्षा जास्त.
अडीचशे वर्षं खोडरबरानं पुसली
आणि कागदावरचा चुरा फुंकून टाकला.

तेराशे बासष्ट. आइसलँडचा दक्षिण किनारा, ओरायवायोकुल.
त्याच्या पायथ्याशी एक परगणा होता,
कुरणं होती, चर्चं होती,
कुणाची तरी गाय त्या आठवड्यात व्यायची होती.
नंतर त्या मुलखाला लोक 'ओसाड' म्हणू लागले.
अजून म्हणतात.
ओसाडमध्ये आता माणसं राहतात,
ओसाडमध्ये बारशी होतात,
ओसाडच्या पत्त्यावर टपाल येतं.

मॅनसला सांगायला गेले.
त्यानं शेगडीत नवी वडी सरकवली.
"म्हणजे जन्मभर मी दुसऱ्याचा डोंगर जाळतोय?"
"जळत नाही तो. जरा स्वभाव बदलतो, एवढंच."
तो बादलीकडे बघत राहिला.
त्याची आई ही राख बटाट्यांच्या वाफ्यात टाकायची,
बर्फ पडला की पायरीवर,
कुणी घसरू नये म्हणून.

"त्या दिवशी इथं कुणी पाहिलं असेल काही?"
कुणी लिहिलेलं नाही.
वाळत घातलेल्या कपड्यावर मळकट झाक आली असेल,
सून सासूचं बोलणं खाऊन
ते परत धुवायला निघाली असेल.

तो बादली उचलून दारापर्यंत गेला.
थांबला.
वारा वायव्येचा होता.