उंचीचा रकाना

सहकारनगरच्या रिंकवर, रविवारी सकाळी साडेसहाला,
मी टेप धरतो. एवढंच माझं काम.
भिंतीला टाच, हनुवटी समोर,
डोक्यावर पाटी टेकवून आकडा मोठ्याने म्हणायचा,
म्हणजे मागाहून वाद नको.

यांतल्या एकानेही बर्फ पाहिलेला नाही,
रसवंतीच्या गोणपाटाखाली असतो तेवढा सोडून.
चाकांवर शिकलीत ही पोरं. जानेवारीत लेहला जातील
आणि पहिले दोन दिवस कठडा धरून चालतील.
त्याआधी इथे बावीसांतून आठ.

पळणीटकर सर निवडतात. वाईट माणूस नाही.
पण पोरांआधी ते कुंपणाकडे बघतात,
बापाचे खांदे, आईच्या चपलेचा नंबर,
आणि पुटपुटतात, "खाण तशी माती."
थोपट्यांच्या हर्षलचं नाव असं लिहिलं गेलं,
त्याने स्टिक हातात घ्यायच्या आधी.
सोळावं सरायचंय, पाच अकरा, बूट दहा नंबर.
वळताना मात्र
डेपोतून मागे घेतलेली पीएमटी,
मागे उभं राहून कुणीतरी हात दाखवावा लागतो.

मग निहार ओतारी.
पाच फूट एक.
मोज्यात मोजा घातलेला. म्हटलं, काढ.
काढला.
पाच फूट अर्धा.

"मूर्ती लहान पण..." कुंपणापलीकडून कुणीतरी सुरू केलं.
मी म्हण पुरी होऊ दिली नाही.
खोटं का बोला, उंची लागते.
मे महिन्यात याच कोपऱ्यात
हर्षलने नुसता खांदा वळवला, मुद्दाम नाही,
आणि निहार कठड्यावर आपटून परत आला,
हेल्मेटच्या आत ओठ फुटलेला.
म्हणीला ओठ नसतात.

पण हेही मीच पाहिलंय:
तिघे अंगावर आले की हा अंग चोरतो.
आमच्या वेळी ही शिवी होती.
पक त्यांच्या पायांमधून निघतो
आणि हा पलीकडे आधीच पोचलेला,
जसा काही उशीर पकलाच झाला.
याला रकाना नाही फॉर्मवर.
उंची, वजन, रक्तगट, आधार क्रमांक.

"कणीक मळतानाच पोळ्या मोजताय, सर."
सर हसले. "आणि नाही वाढला तर?"
मी टेप गुंडाळत राहिलो.
मी स्वतः पाच दोनला थांबलोय, चौतीस वर्षं झाली.

निहारने स्केट्स चढवले, नाड्या दातांनी ओढल्या,
आणि पुन्हा भिंतीला येऊन उभा. "काका, आता मोजा."
मोजलं. पाच फूट चार.
लिहिलं नाही.
"उंच माणूस जास्त जोरात पडतो का?"
पडतात सगळेच, म्हटलं.
उंचाला जमीन जरा उशिरा लागते.

सरांची पेन्सिल अजून त्याच्या नावावर.
पोरगं निघालं,
माझ्या खुर्चीच्या आणि कठड्याच्या मधल्या
तेवढ्याशा जागेत वळलं,
मागे कुणी हात न दाखवता.