सत्तावीस, खरं

रजिस्टर लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याचं,
गणपत गल्लीत घेतलेलं. कोपरे वाळवीनं खाल्ले.
पहिल्या पानावर तीन शिक्के:
बेळगाव, बेलगाम, बेळगावी.
क्लब तोच, खासबाग रोव्हर्स.
रबर तेवढं दर वेळी नवीन.

काढला चार विणकरांनी, एका पोस्टमननं
आणि पलटणीत कपडे शिवणाऱ्या एका मास्तरानं.
पहिल्या चेंडूचा ब्लॅडर
सायकलच्या दुकानात सहा वेळा पंक्चर काढलेला.
नोंद आहे. खर्च साठ पैसे.

मग एकोणनव्वद साली
उद्यमबागेतल्या कास्टिंगवाल्या शेठनी पगार बांधले:
माणशी साडेसातशे,
गोलकीपरला आठशे, त्याचे कपडे जास्त फाटतात म्हणून.
भरमा सांबरेकरची आई म्हणाली,
उड्या मारायचे पैसे देतात होय रे?
खरं पहिला पगार तिनंच मोजून घेतला, दोनदा.

(आमच्याकडे ‘पण’ म्हणायचं तर ‘खरं’ म्हणतात.
बाहेरच्याला सांगून ठेवलेलं बरं.)

तीन मोसम. सामने चोपन्न.
जिंकले सत्तावीस, बरोबरी बारा, हार पंधरा.
हे सगळं शाईत, माझ्या अक्षरात.
मी चिटणीस. पायानं कधीच काही जमलं नाही,
मग हातानं केलं.

पंधरातली एक हार मिरजेच्या रेल्वेवाल्यांकडून.
चेंडू आला तसा मल्लेशी ओरडला, ‘बिडू!’
भरमा ओरडला, ‘सोड!’
दोघांनी एकमेकांचं ऐकलं,
चेंडू दोघांच्या मधनं
सासुरवाडीला आल्यासारखा आत गेला.
इनास डिमेलो मैदानातच बसून हसला.
दस्तगीर हसला नाही. त्याचा बोनस गेला होता.

आणि सत्तावीसातला शेवटचा.
फायनल, हुबळीशी.
त्या दिवशी बंद. कशासाठी, ते विचारू नका,
आमच्या गावात ते विचारत नाहीत, दुकान ओढून घेतात.
हुबळीकरांची गाडी हिरेबागेवाडीला अडवली.
इकडे आमचे अकरा उभे,
रेफ्री घड्याळ बघतोय,
भरमा हातमोजे घालून दोन खांबांच्या मध्ये,
जणू कुणी कुठूनही मारेल.
अर्ध्या तासानं शिट्टी.
तीन-शून्य. वॉकओव्हर.
कप दिला. टाळ्या वाजल्या, मोजता येतील इतक्या.
क्लबचा एवढाच कप.

भरमानं हातमोजे काढले नाहीत.
म्हणाला, एक शॉट तरी यायला पाहिजे होता गा.

पुढच्या रविवारी वांग्यांच्या टेम्पोनं
पहाटे चारला निघालो. शेठला सांगितलं नाही.
कित्तूरला चहा, धारवाडात पाऊणतास टायर.
हुबळीत शाळेच्या मैदानावर,
शाळेचेच ड्रिल मास्तर रेफ्री.
हरलो. चार-एक.
आमचा एक मल्लेशीनं डोक्यानं मारला.
भरमानं नऊ अडवले, त्याचा डावा अंगठा गेला,
परत येताना टेम्पोत तो अंगठा
सगळ्यांना दाखवत होता, नवरा मुलगा अंगठी दाखवतो तसा.

कप पिशवीत नेला होता. तिथंच ठेवून आलो.
पंधरवड्यानं एका कंडक्टरच्या हातून परत आला,
चिंचेनं घासलेला. चिठ्ठी नव्हती.

रजिस्टरात याला रकाना नाही.
मागच्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीनं लिहिलं:
हुबळी ४, आम्ही १.
त्याच वर्षी भट्टी बंद पडली, पगारही.

परवा पुण्याच्या एका मुलाचा फोन.
कुठलीशी स्मरणिका काढतोय, आकडे पाहिजेत.
काका, सत्तावीस विजय ना?
मी म्हटलं, सत्तावीस, खरं...
आणि पेन्सिलीचं पान उघडायला चष्मा शोधू लागलो.

थँक्यू काका, म्हणाला, आणि ठेवून दिला.
त्याला वाटलं, मी दुजोरा दिला.